वाचनालय, वर्गणी आणि ग्रंथदिंडी

सुगी आटोपून शिवारं मोकळी झाली की बेळगाव तालुक्यातले रविवार गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांचे असतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी. सकाळी पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे लेझीम, दारोदारी सडा-रांगोळी. मग अध्यक्षीय भाषण, दुपारी पंगत, उन्हं कलल्यावर कथाकथन, शेवटी कविसंमेलन. पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, खेड्यांना हे सुचलं कुठून?

सुरुवात शहरातल्या वाचनालयापासून धरावी लागते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, म्हणजे कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराहून दोन वर्षांनी थोरलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. भाषेवरून ताणाताणी पुढे झाली. पण 1929 साल बघण्यासारखं आहे. त्या एकाच वर्षी बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ‘काळ’ साप्ताहिकाचे कर्ते शि. म. परांजपे, आणि कन्नड साहित्य संमेलनही भरलं, अध्यक्ष मास्ती वेंकटेश अय्यंगार. आज हे सांगितलं की दोन्हीकडची माणसं क्षणभर गप्प होतात.

1946 ला मराठी संमेलन पुन्हा बेळगावात आलं. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईत संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली. 1 नोव्हेंबर 1956 ला मात्र बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासून इथलं कुठलंही संमेलन नुसतं साहित्याचं राहिलेलं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. अखिल भारतीय संमेलन परत यायला 2000 साल उजाडलं. अध्यक्ष य. दि. फडके, राजकीय इतिहासाचे अभ्यासक. माझ्या मते, या गावाला शोभेल अशीच निवड.

मधल्या 54 वर्षांत बेळगावात लेखन थांबलं नव्हतं. इंदिरा संत इथंच राहून कविता लिहीत होत्या. अडचण होती ती पैशाची. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याने संस्थांच्या वाचनालयांना अ, ब, क, ड दर्जानुसार अनुदान मिळू लागलं. कर्नाटकाचा 1965 चा कायदा वेगळ्या वाटेचा: उपकर गोळा करून सरकारी खात्यानेच ग्रंथालयं चालवायची. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडातलं वाचनालय दर्जा वाढवायच्या खटपटीत असतं, तर सीमेच्या अलीकडचं, बेळगावकडचं, वर्गणी आणि देणगीवर तग धरतं. गावोगावच्या संमेलनांनी हीच वर्गणीची रीत उचलली, असं मला वाटतं.

दिवाळी सरली की पोरं पावतीपुस्तक घेऊन गल्लीगल्लीतून फिरू लागतात. कुणी रोख देतो, कुणी पंगतीसाठी तांदळाचं पोतं. संमेलनादिवशी मंडपातल्या माइकवरून दोघांचीही नावं पुकारली जातात, आणि अध्यक्षांना तेवढा वेळ थांबावं लागतं.