चार्जिंगची गाडी कोणाला परवडते?

आंबिया बहराची संत्री उतरली की वरुडकडच्या पिकअपवाल्यांना जरा उसंत मिळते, आणि उसंत मिळाली की नव्या गाडीचे विचार सुरू होतात. परवा शेजारचा एक जण डायरी घेऊनच येऊन बसला. "भाऊ, सांगा बरं, चार्जिंगची गाडी मले परवडीन का?" डायरीत वर्षभराच्या फेऱ्या, डिझेलचे पैसे, क्लच प्लेटचा खर्च, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. गाडीपेक्षा डायरी बोलकी होती.

आधी इंधन पाहू. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच. भरलेला छोटा हत्ती (लहान पिकअप) लिटरला १६ किलोमीटर देतो असं धरलं, तर किलोमीटरमागे ०.६ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा गेली. त्याच ओझ्याची विजेवरची गाडी बॅटरीतून ०.२ युनिटच्या आसपास घेते. ओझं तेच, रस्ता तोच, मग बाकीचं डिझेल जातं कुठे? नागपूरहून आलेल्या गाडीच्या रेडिएटरजवळ हात नेऊन पाहा, कळेल.

उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला सगळी उष्णता कामाला लावता येत नाही, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ मध्येच दाखवलं होतं. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनानं इंधनातली २६ टक्के ऊर्जा कामाला लावली, तेव्हा तो चमत्कार वाटला. आजही लहान मालवाहू गाडीचं इंजिन रोजच्या वापरात तिसऱ्या हिश्शाच्या फार पुढे जात नाही. मोटरमध्ये ही उष्णतेची पायरीच नाही, त्यामुळे बॅटरीतली ८५-९० टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचते. (उष्णता वाया जायची ती जातेच म्हणा, फक्त जागा बदलते. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात कोळशाची जवळपास दोन तृतीयांश उष्णता अशीच जाते. पण तिचे पैसे वीजदरात आधीच धरलेले असतात.)

आता रुपये. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेपाचाच्या वर. चार्जिंग करताना काही वीज वाया जाते, म्हणून ०.२२ युनिट धरू, युनिट १० रुपये. झाले सव्वादोन. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही, इंजेक्टर नाही. तो खर्च मिळवला तर किलोमीटरमागे ४ रुपये वाचले म्हणू. पण गाडी घेताना चार लाख जास्त मोजले असतील, तर ते वसूल व्हायला एक लाख किलोमीटर पळायला हवं. शिवाय त्या चार लाखांवर दहा टक्क्यांनी पहिल्या वर्षी ४० हजार व्याज. म्हणजे पहिल्या वर्षीचे १०,००० किलोमीटर नुसत्या व्याजात गेले.

इथे डायरी उघडली. वर्षाचे १५,००० किलोमीटर, त्यातले १२,००० एकट्या नागपूरच्या वाटेवर. संत्र्याचे कॅरेट भरून कळमन्याच्या मार्केटला जायचं, जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. एकवीस युनिटची बॅटरी कागदावर दीडशे किलोमीटर दाखवते, भरलेल्या गाडीला शंभर-एकशेदहा मिळाले तरी खूप. परतीसाठी बाहेर चार्ज करावं लागणार, तिथे युनिट २० रुपयांच्या घरात असलं की किलोमीटर चार रुपयांवर गेलाच. त्यात चार्जरपाशी ताटकळण्याचा वेळ वेगळा. म्हणून नागपूरची वाट डिझेलवरच ठेवली, तर गावच्या गावात फिरण्याचे उरलेले ३,००० किलोमीटर वर्षाला १२ हजारच वाचवतात. व्याजसुद्धा निघत नाही.

"मंग पंपाची लाइन फुकट हाये, तिच्यावर लावली तं?" प्रश्न येणारच होता. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, ती पंपासाठी. गाडी लावली तर तो गैरवापर ठरतो. घरच्या मीटरवर लावता येते, पण रोज ७० किलोमीटर फिरणारी गाडी महिन्याला साडेचारशे युनिटच्या वर घेते. घरचा वापर मिळवला की ३०० युनिटच्या वरचा टप्पा लागतो आणि दर एकदम चढतो. तेव्हा माझा १० रुपयांचा हिशोब कोलमडतो. चार्जिंगसाठी महावितरणचा दर वेगळा असतो, त्यासाठी स्वतंत्र मीटर घेतलेलं बरं.

वीज कशी येते हेही पाहावं लागतं. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात मे महिन्यात २३० व्होल्टचे १८० होतात. साडेतीन किलोवॉटच्या आसपासचा चार्जर २३० व्होल्टवर १५ अँपियर ओढतो. तेवढाच प्रवाह १८० व्होल्टवर मिळाला तर हाती २.७ किलोवॉट, म्हणजे सहा-सात तासांचं काम आठ तासांवर. रात्री मध्येच लाइन गेली तर सकाळी अर्धीच बॅटरी भरलेली.

आणि आपलं ऊन. बॅटरीच्या आत नको असलेल्या रासायनिक क्रिया अगदी हळू, पण सतत चालू असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. ४५ अंशांत टिनाच्या शेडखाली पूर्ण चार्ज करून ठेवलेली गाडी न चालताही म्हातारी होत जाते. उभी ठेवायची असेल तर निम्मी भरलेली ठेवावी, लिंबाच्या सावलीत ठेवावी. डिझेलच्या गाडीला उन्हाळाभर कोपऱ्यात उभं राहायला एवढं काही लागत नाही. ती बिघडली तर चौकातला मिस्त्री आहे. विजेवरच्या गाडीचा कंट्रोलर गेला की ती दुसऱ्या गाडीवर चढवून शहरात न्यायची, आणि तेवढे दिवस भाडं बुडालं.

डायरी मिटताना त्याला भाच्याची आठवण झाली. भाचा दूध गोळा करतो: ठरलेली गावं, रोज ७० किलोमीटर, दिवाळी असो की पोळा. वर्षाचे साडेपंचवीस हजार किलोमीटर, बचत लाखाच्या घरात. व्याज धरूनही जास्तीचे चार लाख पाच वर्षांच्या थोडं पुढे निघतात. दुपारपासून गाडी घरीच, रात्रीच्या लाइनवर भरवसा ठेवायचं कारण नाही.

"त्याले लावतो फोन," म्हणत त्यानं भाच्याकडून विजेच्या बिलाचा फोटो मागवला. घराला एका वेळी किती वीज ओढता येते ते बिलावर लिहिलेलं असतं, म्हणून आम्ही दोघांनी बोटांनी तो मोठा करून पाहिला. मंजूर भार: १ किलोवॉट.