खुलासा: ब्रिटनच्या राजाला मनाप्रमाणे वारस नेमता येतो का?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे एक संदेश फिरतो: ब्रिटनचा वृद्ध राजा आजारी पडला, की तो मुलाला वगळून थेट नातवाला गादी देऊ शकतो.

असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण घोडबंदर रोडवरचा स्वतःचा फ्लॅट मृत्युपत्राने नातवाला देता येतो. राजपद मात्र खासगी मालमत्ता नाही. त्याचा क्रम मुख्यतः १७०१ च्या कायद्याने आणि २०१३ च्या सुधारणेने ठरलेला असून, तो बदलण्यासाठी कायदाच करावा लागतो. १९३६ मध्ये स्वेच्छेने पायउतार होणाऱ्या राजासाठीही संसदेला तसा कायदा करावा लागला होता.

आजारपणाची तरतूद वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक लक्षणीय. १९३७ च्या कायद्यानुसार, राजाचा जोडीदार आणि चार उच्चपदस्थ यांपैकी किमान तिघांनी, डॉक्टरांच्या साक्षीसह पुरावा पाहून, राजा कामकाज करण्यास असमर्थ असल्याचे लेखी जाहीर केले, तर सामान्यतः वारसाक्रमातली पुढची सज्ञान व्यक्ती त्याच्या नावाने कारभार पाहते. राजा मात्र राजाच राहतो. म्हणजे तब्येतीच्या बातमीवरून वारस बदलल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

हे कायदे ब्रिटिश सरकारच्या कायदेविषयक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. आजारपणासाठी १९३७ च्या कायद्याचे कलम २ पाहावे.