रस्ट: नाव तांबेऱ्याचं, घडण ब्राउझरची

गोव्यात 'रस्ट' म्हटलं की डोळ्यांसमोर गंज येतो. खाऱ्या हवेत खिडकीच्या गजांचे पापुद्रे सुटताना आपण रोज पाहतो. फोंड्यात रविवारी आम्ही काही जण कॉलेजच्या मुलांना ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो, तिथेही पहिला प्रश्न तोच: भाषेला गंजाचं नाव कशाला? तर ती रचणाऱ्या ग्रेडन होअरच्या मनात होता तो तांबेरा, गव्हाच्या आणि भुईमुगाच्या पानांवर पडणारा. ही बुरशी आयुष्यात अनेक रूपं पालटते, तिच्या काही जाती तर दोन वेगळ्या झाडांवर आळीपाळीने वाढतात. कितीही अडचणी आल्या तरी तगून राहणारा हा जीव होअरला भावला.

होअर फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलात काम करत होता. २००६ साली एकदा व्हँकुव्हरमधल्या घरी परतला, तर लिफ्टचं सॉफ्टवेअर कोसळून ती बंद पडलेली आणि घर एकविसाव्या मजल्यावर. अशा यंत्रांचे प्रोग्रॅम बहुधा सी किंवा सी++ या जुन्या भाषांत लिहिलेले असतात, आणि तिथे मेमरी सांभाळण्याचा भार प्रोग्रॅमरवर. सोडून दिलेली जागा चुकून पुन्हा वापरली की प्रोग्रॅम कोसळतो, नाहीतर हल्लेखोराला वाट मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलं की त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या मेमरीच्याच असतात.

होअरने फावल्या वेळात सुरू केलेल्या या कामाला २००९ मध्ये मोझिलाने पाठबळ दिलं. माझ्या मते भाषेला खरं वळण लागलं ते २०१२ च्या सुमारास, सर्वो या नव्या ब्राउझर इंजिनचं, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणाऱ्या भागाचं, काम तिच्यात सुरू झालं तेव्हा. सुरुवातीच्या रस्टमध्ये कचरा गोळा करणारी, म्हणजे वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा होती, स्वतःचे हलके थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागेही होते. ब्राउझरच्या वेगाला हे ओझं परवडेना. एकेक करून ते काढलं गेलं आणि मालकी व उसनवारीचे नियम तेवढे पक्के झाले. १५ मे २०१५ ला १.० आवृत्ती आली ती ही सडसडीत भाषा.

हे नियम वर्गात एका मुलीच्या प्रोग्रॅममध्ये स्पष्ट दिसले. ती यादीतली एकेक नोंद वाचत होती आणि वाचता वाचताच त्याच यादीत नवी नोंद घालत होती. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरने तिथेच रोखलं. "सर, सी++मध्ये हे चालतं की!" ती म्हणाली. चालतं, पण यादी वाढताना जागा अपुरी पडली की ती उचलून दुसरीकडे मांडली जाते, आणि वाचणारा मात्र जुन्याच पत्त्यावर हात घालतो. रस्टमध्ये वस्तूला मालक एकच. उसनी घेऊन नुसती पाहायची तर कितीही जणांनी पाहावी, पण कुणी ती बदलत असेल तेव्हा दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. प्रोग्रॅम चालण्याआधीच हे तपासलं जातं.

याच शिस्तीमुळे मोझिलाला हवं ते साधलं. वेबपानाची सजावट अनेक थ्रेडमध्ये वाटून करण्याचे सी++मधले दोन प्रयत्न आधी फसले होते. सर्वोतून निघालेल्या स्टायलोने ते जमवलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते फायरफॉक्स ५७ मधून लोकांच्या हाती आलं.

तोवर भाषा ब्राउझरबाहेरही पडली होती. अँड्र्यू गॅलंटचं २०१६ मधलं रिपग्रेप मी दिवसभर वापरतो: हजारो फाइलींतला एक शब्द ते निमिषात काढून देतं. प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्हीएस कोड या संपादकातला शोधही त्यावरच चालतो. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुलं केलेलं फायरक्रॅकर १२५ मिलिसेकंदांत छोटं आभासी यंत्र, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा संगणक, उभं करतं. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ६.१ आवृत्तीच्या गाभ्यात रस्टला जागा मिळाली. सी++मध्ये लिहिलेला फिश हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, तुकड्यातुकड्याने रस्टमध्ये आणून २०२५ मध्ये त्याची ४.० आवृत्ती निघाली.

मधल्या काळात घाव बसला तो सर्वोलाच. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केलं, त्यात ही टीमही गेली. भाषेला फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्ट फाउंडेशनचा आधार मिळाला. लिनक्स फाउंडेशनकडे गेलेलं सर्वो मात्र २०२३ पर्यंत जवळपास थबकलेलंच होतं. मग इगालिया या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी ते पुन्हा हाती घेतलं. आता आमची मुलं ते उतरवून घेतात, त्यात मराठी पानं उघडतात आणि जोडाक्षरं नीट उमटतात का ते जवळ जाऊन पाहतात.