‘हरकत नाही’ म्हणजे हक्क नव्हे

19 आणि 20 मार्च 1927 या दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आलेल्या प्रतिनिधींना प्यायला पाणी हवे म्हणून स्वागत समितीने स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. गावात चार-पाच एकरांचे चवदार तळे भरलेले होते. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. 1869 साली महाड नगरपालिका स्थापन झाली तेव्हा सरकारने तळे तिच्या ताब्यात दिले होते, म्हणजे ते सार्वजनिकच होते. शिवाय अस्पृश्यांनी या तळ्यावर पाणी भरायला हरकत नाही, असा ठराव नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी केलेला होता. ठराव होऊन तीन वर्षे उलटली होती आणि पाणी अजूनही विकतच घ्यावे लागत होते.

असे का झाले याचे पहिले उत्तर ठरावाच्या शब्दांतच आहे.

अमेरिकी कायदेपंडित वेस्ली होफेल्ड यांनी 1913 साली दाखवून दिले की आपण ‘हक्क’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली मुभा: मी एखादी गोष्ट केली तर माझ्याकडून नियमभंग होत नाही. दुसरी म्हणजे खरा दावा: मला काही मिळावे यासाठी दुसऱ्या कोणावर तरी कर्तव्य असते. तिसरी सत्ता: नियम करण्याची किंवा बदलण्याची ताकद. चौथी कवच: माझी स्थिती दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही. एखादा हक्क हाती आला की त्यात या चारांपैकी काय आहे आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला कोण उभे आहे, हे आधी तपासावे. निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

‘हरकत नाही’ ही निव्वळ मुभा होती. तळ्यावर गेलेल्या माणसाला नगरपालिका अडवणार नव्हती. पण दुसऱ्या कोणी अडवले तर अडवणाऱ्याला हटवण्याची जबाबदारी ठरावाने कोणावरच टाकली नव्हती. ज्या मूळ ठरावावरून हे आले त्याचीही तीच गत होती. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळाने संमत केलेला तो ठराव सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत एवढी ‘शिफारस’ करत होता. हे पुरेसे नाही हे बोल्यांनी ओळखले. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही तिचे अनुदान रोखावे. हा ठराव पहिल्याइतका कोणाला आठवत नाही, पण हक्काची रचना समजून घ्यायची तर तोच जास्त महत्त्वाचा, कारण कर्तव्य कोणाचे आणि ते चुकवले तर काय होईल, हे दोन्ही त्यात आले.

20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले आणि परतले. थोड्याच वेळात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे तळ्याची ‘शुद्धी’ झाली. तळ्यातले पाणी 108 मडक्यांत भरले, त्यात शेण, गोमूत्र, दही घातले आणि मंत्र म्हणत ती मडकी पुन्हा तळ्यात रिकामी केली. याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत, त्याने मात्र ते बाटत नव्हते. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने 1924 चा ठराव मागे घेतला. मुभा देण्याची सत्ता तिच्याकडे होती, तशीच काढून घेण्याचीही. होफेल्डचा चौथा खण, म्हणजे कवच, रिकामाच होता.

मग कवच यावे कुठून? बहुमताला, नगरपालिकेला, रूढीलाही हात लावता येणार नाही असे काही माणसापाशी असते, हे कशाच्या बळावर म्हणायचे? मानवी हक्कांच्या पायाचा खरा प्रश्न हाच. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने उत्तर दिले की हे हक्क ईश्वराने घडवलेल्या निसर्गनियमातून येतात. फ्रान्सच्या राष्ट्रसभेने 26 ऑगस्ट 1789 रोजी 17 कलमांचा जाहीरनामा काढून हे हक्क नैसर्गिक आणि अहरणीय ठरवले. त्यावर इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम तुटून पडला. हक्क असावा असे वाटणे म्हणजे हक्क असणे नव्हे. भूक म्हणजे भाकरी नव्हे, असे त्याचे म्हणणे. महाडचा 1924 चा ठराव पाहिला की बेंथॅमचा मुद्दा सहजी झटकता येत नाही.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला पुन्हा परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी तिची तुलना फ्रान्सच्या त्या राष्ट्रसभेशी केली. तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही; इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला तिथे जायचे, हा त्यांचा युक्तिवाद होता. पाया त्यांनी देवावर ठेवला नाही, निसर्गावर नाही आणि सरकारच्या मर्जीवरही नाही. तो समान माणूसपणावर ठेवला, आणि ते माणूसपण चारचौघांत, सगळ्यांच्या पाणवठ्यावर मान्य व्हायला हवे असे म्हटले. आमच्या मते बेंथॅमला दिलेले हे सर्वांत भक्कम उत्तर आहे, कारण भूक म्हणजे भाकरी नाही हे मान्य करूनच ते पुढे जाते.

इथे कर्तव्याचीही एक गल्लत दूर करायला हवी. 1947 साली युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना मानवी हक्कांच्या पायाबद्दल विचारले, तेव्हा गांधीजींनी कळवले की नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून हक्क येतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. यातले कर्तव्य हक्क मागणाऱ्याचे आहे. होफेल्डचे कर्तव्य समोरच्याचे आहे. मेलेली गुरे ओढण्यापासून गावकीची सगळी कामे महाडच्या अस्पृश्यांनी पिढ्यानपिढ्या केली होती; त्यातून घोटभर पाण्याचाही हक्क निघाला नव्हता.

डिसेंबरात तळ्यावर जाता आले नाही. सनातन्यांनी 12 तारखेला दावा लावला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हा दावा दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, पण कशावर, ते पाहण्यासारखे आहे. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी म्हणून रद्द ठरते का, हे तपासायची वेळच न्यायालयावर आली नाही. पाणी मिळाले; तत्त्वाचा निवाडा राहून गेला.

तो संविधानाने केला. अनुच्छेद 13 ने ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठही घातले, त्यामुळे रूढी कितीही जुनी असली तरी मूलभूत हक्कापुढे ती शून्य. अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी आले आणि हे बंधन फक्त सरकारवर न राहता शेजाऱ्यावरही आले. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने पुराव्याचा भारही फिरवला: अनुसूचित जातीच्या माणसाबाबत या कायद्याखालचे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय धरून चालते, तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे.

तरी एक जागा उरते. कोणी अडवतच नाही, पण पाणी येत नाही. अडवू नका आणि अडवणाऱ्याला आवरा, एवढ्याने तिथे भागत नाही. पाणी पोचवणे हे तिसरे कर्तव्यही लागते. पाण्याच्या हक्कावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2002 च्या टिपणीत आदर, रक्षण आणि पूर्तता ही तिन्ही कर्तव्ये सांगितली आहेत. नळयोजनेत पूर्तता हुकते ती बहुधा वाहिनीच्या शेवटच्या टोकाला: आधीच्या जोडण्यांवर पाणी ओढले जाते, दाब उतरतो, आणि वस्ती चढावर असली तर तोटीतून नुसती हवा येते. कागदावर जोडणी असते, म्हणजे पुन्हा ‘हरकत नाही’च.

याचे मोजमाप घरी करता येते. घरोघर नळाने पाणी देण्याच्या केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर लागतात. पाणी रोज तासभर सुटत असेल तर तोटीतून मिनिटाला सुमारे 4.6 लिटर यायला हवे, म्हणजे 15 लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरायला हवी. वस्तीतल्या पहिल्या आणि शेवटच्या घरी एकाच दिवशी घड्याळ लावून बादली भरावी, दोन्ही वेळा तारखेसह लिहून ठेवाव्यात आणि तो कागद ग्रामसभेत इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.