रशियन सॅलडला पाणी सुटतंय? बरणी उघडण्याआधी हे वाचा

आमचं टोफूचं व्हीगन ड्रेसिंग नेणाऱ्यांकडून एकच तक्रार वारंवार येते: "कालवलं तेव्हा छान घट्ट होतं, पानं वाढायच्या वेळी तळाशी पाणी! ड्रेसिंग फाटलं का?" बहुतेक वेळा फाटलेलं नसतं. पाणी भाज्यांचं असतं, कारण भाज्या कोमट किंवा ओल्या असतानाच कालवलेल्या असतात.

अंडं घालून केलेल्या पारंपरिक मेयोनीजमध्ये साधारण 70 ते 80 टक्के तेल असतं. त्या दाट तेलकटपणात थोडं पाणी मुरलं तरी कळत नाही. आमच्या ड्रेसिंगमध्ये तेल त्याच्या निम्म्याहूनही कमी. दाटपणा मुख्यतः टोफूमुळे येतो. म्हणून ते पोटाला हलकं आहे, आणि म्हणूनच पाण्याशी त्याचं जमत नाही. "थोडं कॉर्नफ्लॉवर घाला ना", असं काही केटरर सांगतात. आम्ही मुद्दाम घालत नाही. चव पिठूळ होते, शिवाय शिजवलेल्या कॉर्नफ्लॉवरची खळ फ्रीजमध्ये राहिली की तिलाच पाणी सुटतं.

अर्धा किलो बटाटे, दोन गाजरं, मूठभर फरसबी आणि वाटीभर मटार यांना आमची 200 ग्रॅमची बरणी पुरते. बटाटे सालासकट, अख्खे उकडा. कुकरमध्ये फुटेपर्यंत नकोत. सुरी सहज आत गेली की काढा. पूर्ण गार होऊ द्या, जमलं तर तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मगच सोलून चिरा. गरम बटाटा चिरला की कडा कुस्करतात, त्याचा चिकटपणा सगळ्या सॅलडभर पसरतो. वर झाकण ठेवलंत तर वाफेचे थेंब परत आतच पडतात. गाजर, फरसबी, मटार वेगवेगळे उकडून रोळीत निथळा आणि सुती पंचावर पसरून कोरडे करा. डब्यातला अननस वापरत असाल तर त्याचा पाक नुसता ओतून टाकून भागत नाही, फोडी हाताने हलक्या दाबाव्या लागतात. ही पंधरा-वीस मिनिटं वाचवायला गेलात तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मीठ सगळ्यात शेवटी. ड्रेसिंगमध्ये मीठ आहेच, आणि मिठाने फळभाज्यांना आणखी पाणी सुटतं. काकडी घालूच नका. आंबट चव हवी असेल तर व्हिनेगरमधली काकडी चिरून, घट्ट पिळून घाला. रशियातही या सॅलडात खारवलेली काकडी असतेच. 1860च्या दशकात मॉस्कोच्या 'हर्मिटाज' रेस्टॉरंटमध्ये ल्युसियन ऑलिव्हिए यांनी ते लोकप्रिय केलं, तेव्हा त्यात मांस होतं. आज तिथे ऑर्थोडॉक्स उपासाच्या काळात मांस, अंडी, दूध वगळून केलेलं 'ऑलिव्हिए' (तिथे या सॅलडचं हेच नाव) सुद्धा मांडतात, तेव्हा आपला व्हीगन प्रकार काही परका नाही. अंड्याचा वास हवा असलेल्यांनी चिमूटभर काळं मीठ घालावं. त्यातल्या गंधकामुळे उकडलेल्या अंड्याची आठवण येते.

एक गोष्ट मात्र नीट पाहून घ्या: 'एगलेस' म्हणजे व्हीगन नव्हे. बाजारातल्या अनेक एगलेस मेयोनीजमध्ये दुधाची पावडर असते आणि हिरव्या ठिपक्याला दूध चालतं. घरी कोणी दूध टाळत असेल तर घटकांची यादी वाचा. आमच्या ड्रेसिंगमध्ये सोया आणि मोहरी आहे. ज्यांना त्यांची अॅलर्जी आहे त्यांनी ते घेऊ नये.

बरणी उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, कोरडाच चमचा वापरा, आठवड्यात संपवा. फ्रीजरमध्ये अजिबात नको, तिथे ते खरंच फाटतं. कालवलेलं सॅलड त्याच दिवशी खा. बुफेवर दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नका. भाज्या आदल्या रात्री तयार ठेवून ऐन वेळी ड्रेसिंग मिसळणं हीच आम्ही कार्यांसाठी सुचवतो ती पद्धत. वीसहून जास्त पाहुणे असतील तर किलोचा डबा स्वस्त पडतो. तो ताजा करून देतो, म्हणून दोन दिवस आधी सांगा. दुकानात आलात तर आधी चव घेऊन बघा.