कोळ्यांचं संग्रहालय आणि वरळीचे खांब

मुंबईच्या मासेमारीचं संग्रहालय असावं, असा विषय अधूनमधून निघतो. सात बेटांची कहाणी सगळ्यांना पाठ आहे, ती इथे सांगत बसत नाही.

पुणेकराची या इतिहासाशी ओळख ससून या नावापासून आहे. ज्या घराण्याच्या देणगीतून आपलं ससून रुग्णालय उभं राहिलं, त्याच घराण्याने १८७५ मध्ये कुलाब्याला ससून डॉक बांधला, तोही कापसाच्या व्यापारासाठी. पुढे मोठ्या गोद्या झाल्या, कापूस तिकडे वळला आणि इथे मासळी उतरू लागली. आता पहाटे पाट्यांमधून पापलेट-सुरमईचा लिलाव चालतो आणि बाजूला बायका ओळीने बसून कोळंबी सोलतात.

स्वातंत्र्यानंतर इंजिनाच्या बोटी वाढल्या, मोठं जाळं ओढत नेणारे ट्रॉलर आले. भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळं लावून बोंबील धरणाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. १९८१ मध्ये राज्याने सागरी मासेमारीचा कायदा केला. भांडणं मात्र मिटली नाहीत.

खरा वाद झाला तो वरळीत. किनारी रस्त्याचा पूल वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना, ज्या खांबांमधून कोळ्यांच्या बोटी जाणार त्यांच्यातलं अंतर ६० मीटर ठरलं. कागदावर ते पुरेसं होतं. पण वाऱ्या-लाटांत बोट सरळ रेषेत चालत नाही, बाजूला ढकलली जाते. शिवाय समोरून दुसरी बोट येणार. कोळ्यांनी १६० मीटर मागितले. त्यांना विकासविरोधी ठरवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी बोटी आडव्या घालून काम रोखलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून १२० मीटरवर तडजोड झाली. ज्यांची ये-जा रोज त्याच पाण्यातून, त्यांना आराखडा करतानाच विचारलं असतं तर एवढं झालंच नसतं. २०२४ मध्ये तिथे पोलादी कमानी बसल्या.

मासळी विकणाऱ्या बायकांचंही तसंच. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुनी मंडई धोकादायक ठरली आणि घाऊक विक्रेत्यांना ऐरोलीचा रस्ता दाखवला गेला. त्यांनी विरोध केला, कारण गिऱ्हाईक मुंबईत आणि बाजार खाडीपलीकडे, हे गणित जमणारं नव्हतं.

संग्रहालय झालंच, तर जुन्या होड्या आणि जाळी मांडली जातीलच. शेजारी वरळीच्या पुलाचे दोन्ही नकाशे लावावेत, ६० मीटरचा आणि १२० मीटरचा.