दुहेरी बॅकस्लॅश की रॉ स्ट्रिंग?

गोव्यातल्या गावांच्या नावाने फोल्डर केले (रोमनमध्ये, लहान अक्षरांत) आणि विंडोजवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्यांचे पाथ, म्हणजे पत्ते, लिहिले, की पणजी, मडगाव, साखळी निमूट उघडतात. वास्को आणि फातोर्डा मात्र 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून अडतात. फोल्डर जागच्या जागीच असतात.

घोळ पहिल्या अक्षराचा आहे. पायथनच्या अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश (\) आणि त्यापुढचं अक्षर मिळून एक खूण होऊ शकते: व्ही आला की उभा टॅब, एफ आला की नवं पान, टी आला की साधा टॅब. म्हणजे "डी:\गोवा\वास्को" मधला व्ही विंडोजपर्यंत पोचतच नाही. उसगाव त्याहून नाठाळ. यूपुढे चार हेक्स अंक (0 ते 9 किंवा ए ते एफ) हवे असतात. ते नसले की प्रोग्राम सुरूच होत नाही. पी, एम, एस यांची अशी खूण नाही, म्हणून पणजी वाचते. तिथेही 3.12 आवृत्तीपासून पायथन उघड ताकीद देतो, आणि ती ऐकलेली बरी.

यावर दोन उपाय सांगितले जातात आणि लोक त्यांची गल्लत करतात. बॅकस्लॅश दोनदा लिहिला की पायथन त्या जोडीचा एकच धरतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला स्ट्रिंग म्हणतात; अवतरणचिन्हाआधी आर लावला, म्हणजे रॉ स्ट्रिंग केली, की खुणा वाचणंच बंद. मेमरीत दोन्हींकडून तीच स्ट्रिंग तयार होते. कन्सोलवर नुसतं व्हेरिएबलचं नाव टाकलं तर पाथ दुहेरी बॅकस्लॅशसकट दिसतो, प्रिंट केला तर एकेरी. ते दुहेरी रूप बघून 'जास्तीचे' बॅकस्लॅश काढायला रिप्लेस लिहिणारे भेटतात. काढायला तिथे काही नसतंच.

दोन्ही एकत्र वापरू नका. रॉ स्ट्रिंगमध्ये दोन लिहिले तर खरोखर दोन राहतात. शिवाय रॉ स्ट्रिंग एकट्या बॅकस्लॅशने संपवता येत नाही, कारण तो शेवटच्या अवतरणचिन्हाला गिळतो. एक्सप्लोररमधून पाथ चिकटवायचा असेल तर रॉ सोयीची. शेवटी बॅकस्लॅश हवाच असेल तर दुहेरी.

हे सगळं कोडमध्ये लिहिलेल्या पाथपुरतं. इनपुटमधून किंवा साध्या टेक्स्ट फाइलमधून आलेल्या पाथला यातलं काहीच लागत नाही. जेसन या डेटा साठवायच्या फाइल-प्रकारात मात्र बॅकस्लॅश दुहेरीच लिहावा लागतो, तिथे रॉ नाही.

पाथ स्वतः टाइप करणार असाल तर मी सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा म्हणेन. पायथनमधून फाइल उघडताना विंडोजला तो चालतो. तुकडे जोडायचे असतील तर पायथन 3.4 पासून त्यासाठी पाथलिब हे मॉड्यूल आहेच.